गाडी बसते, साहेब

गाडी श्वास सोडते, हे सगळ्यात आधी वॉचमनच्या लक्षात आलं. वजनमापे खात्यातले निरीक्षक त्या दिवशी दुपारी घरी जेवायला आले होते. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच वॉचमन दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, तुमची गाडी बसते."

निरीक्षकांनी घास गिळला आणि विचारलं, बसते म्हणजे काय, टायरमधली हवा गेली का? वॉचमन म्हणाला, टायर टणक आहेत, लाथ मारून बघितली. तळघरात चिटपाखरू नसतं, गाडी एकटीच उभी असते, आणि मधेच ती हुस्स करून उसासा टाकते आणि चार बोटं खाली बसते. दमलेला माणूस खुर्चीत बसतो तशी. त्याची काही तक्रार नव्हती. तळघरातलं त्याचं स्टूल वर फाटकाशी हलवायची परवानगी तेवढी हवी होती.

दुसऱ्या कुणी हे हसून सोडून दिलं असतं. निरीक्षकांनी खात्याचा स्टीलचा टेप खिशात घातला आणि ते खाली गेले. ज्या माणसाने उभा जन्म तराजूच्या काट्याखेरीज कशावर विश्वास ठेवला नाही, त्याला उसाशाचं काय भय? त्यांनी चाकावरच्या कमानीपासून जमिनीपर्यंतचं माप घेतलं. मग खाली वाकून दुसऱ्या बाजूचं घ्यायला लागले, आणि नेमकी तेव्हाच गाडी त्यांच्या कानाशी हुस्स करून खाली बसली. निरीक्षक वर आले ते जिन्याने, धापा टाकत. लिफ्ट तळघरातच उभी होती, हे बायकोने पुढे अनेकदा अनेकांना सांगितलं.

ही गाडी घरात कशी आली, ते सांगायला हवं, नाहीतर निरीक्षक पैसेवाले आहेत असा तुमचा समज व्हायचा. गाडी जुनी होती, आणि आली होती ती आईसाठी. आईचा उजवा गुडघा वाकायचा बंद झाला होता. पाय काठीसारखा सरळ. घरातल्या घरात ती भिंतीला धरून फिरायची, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या आपल्या थोरल्या बहिणीला भेटून तिला बराच काळ लोटला होता. आधी फोनवर भागायचं. मग मावशीला ऐकू येईनासं झालं. आई ओरडायची, मावशी तिकडून "कोण बोलतंय?" एवढंच विचारत राहायची. हल्ली मावशी अंथरुणाला खिळली होती. तिच्या मुलाने निरोप पाठवला होता की आता येऊनच जा. टॅक्सीचा प्रयोग करून झाला होता. तो सरळ पाय कुठल्याही टॅक्सीत मावला नाही. तो दाराबाहेर ठेवून जावं लागलं असतं.

तेव्हा मोठी गाडी. जुन्या गाड्यांच्या दलालाने निरीक्षकांना ही काळी धिप्पाड गाडी दाखवली आणि तिचं गुणवर्णन सुरू केलं. माइल्ड हायब्रिड आहे, म्हणाला. मोठं इंजिन, आणि जोडीला अठ्ठेचाळीस व्होल्टची छोटी मोटर. निरीक्षकांनी विचारलं, म्हणजे चालते कशावर, पेट्रोलवर की विजेवर? दलाल म्हणाला, चालते पेट्रोलवरच. मोटर फक्त हात लावते. निघताना जोर लागला की हात लावते, ब्रेक मारला की वीज गोळा करून ठेवते, सिग्नलला इंजिन झोपवते आणि तुम्हाला कळायच्या आत उठवते. निरीक्षकांना हे पटलं. त्यांच्या घरात आई हे इंजिन होतं आणि बायको ही मोटर, आणि सगळं कसं बिनबोभाट चालायचं. शून्यावरून शंभरचा वेग ही गाडी किती चटकन गाठते, हेही दलालाने सांगितलं. वास्तविक निरीक्षकांनी शून्यावरून चाळीसचा वेग गाठला तरी त्यांची बायको दांडी धरून बसायची.

त्यांनी टेप काढला. गाडीची लांबी, रुंदी, तळघराच्या छताची उंची, मागच्या सीटवर आईचा सरळ पाय मावेल की नाही, डिकीत काठी आडवी राहील की उभी, सगळं मिलिमीटरमध्ये मोजलं. दलाल कौतुकाने बघत राहिला. गाडी घरी आली. आईला चार जणांनी धरून खाली आणलं. दार उघडलं. आणि मग कळलं की गाडीत पाय ठेवायची जागा आईच्या मांडीच्या उंचीला होती.

सगळं मोजलं होतं, पायरी मोजायची राहिली होती. आता वजनमापांच्या निरीक्षकाकडून अशी चूक व्हावी, ही गोष्ट कुणी तोंडावर बोलून दाखवली नाही, पण सोसायटीच्या सेक्रेटरींनी "हं" असा एक आवाज काढला, आणि तो निरीक्षकांच्या काळजात जाऊन बसला. स्टूल आणलं. त्यावर दुसरं स्टूल ठेवा, असं कुणी सुचवलं. तळमजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या, उचलून ठेवू, मी रोज उचलते. आई पहिल्या स्टुलावर बसून राहिली होती. ती शांतपणे म्हणाली, "मी काही गाठोडं नाही. माझ्या पायाने चढेन, नाहीतर नाही जाणार." आणि तिला परत वर नेलं.

तर यावर उपाय नव्हता असं नाही. या गाडीला स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या होत्या. खड्डे आले की गाडी वर उठायची, पळायला लागली की खाली दबायची, आणि माणसाला चढता यावं म्हणून पार वीतभर खाली बसायचीसुद्धा. त्यासाठी स्टिअरिंगशेजारच्या पडद्यावर एक बटन होतं. निरीक्षकांनी ते दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली की ही सोय फक्त प्रायमरी युजरसाठी आहे, गेस्टसाठी नाही.

गेस्ट म्हणजे निरीक्षक. गाडीत बसलं की पडदा रोज उजळायचा आणि "वेलकम, गेस्ट" म्हणायचा. स्वतःच्या गाडीत पाहुणा! एवढ्यावर थांबतं तरी ठीक. दार उघडलं की सीट आपोआप मागे सरकायची, कारण आधीचा मालक उंच होता. पाहुण्याच्या आवडीनिवडी लक्षात ठेवायच्या नाहीत असा गाडीचा नियम असल्यामुळे निरीक्षकांनी सीट पुढे ओढून घेतली तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मागे. निरीक्षक आत बसायचे आणि त्यांचे पाय हवेत लोंबकळायचे. सीट मागे सरकतानाचा तो घुंईऽऽ आवाज ऐकला की वाटायचं, आपल्या आधी कुणीतरी आत येऊन ऐसपैस बसलं आहे. आरसे वर वळायचे, निरीक्षकांच्या डोक्यावरून कुणाच्या तरी डोळ्यांशी जुळायचे.

त्यांनी सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथला इंजिनियर म्हणाला, सोपं आहे, प्रायमरी युजर म्हणजे आधीचे मालक, त्यांना गाडीतून स्वतःचं नाव काढून टाकायला सांगा. दलालाला विचारलं तर तो म्हणाला, ते वारले. मग हेल्पलाइन. हेल्पलाइनवरच्या बाई फार गोड बोलायच्या. त्या म्हणाल्या, प्रायमरी युजरच्या फोनवर आम्ही एक कोड पाठवतो, तो त्यांना विचारून आम्हाला सांगा. निरीक्षक म्हणाले, ते हयात नाहीत. बाई म्हणाल्या, अरेरे, सर. मग त्यांना दुसऱ्या कुठल्या नंबरवर संपर्क होईल?

मृत्यूचा दाखला चालेल का? चालेल, सर, पण अर्ज वारसाने करायला हवा. मी वारस नाही, मी गाडी विकत घेतलेला माणूस आहे. मग सर, प्रायमरी युजरची संमती लागेल. निरीक्षकांनी सरकारी नोकरीत स्वतः अनेकांना असल्या घाण्याला जुंपलं होतं, त्यामुळे त्यांना रागवायला तोंड नव्हतं. ते ऑफिसातून फावल्या दुपारी हेल्पलाइनला फोन करायचे, बाई कोड पाठवायच्या, आणि तो कोड एका मेलेल्या माणसाच्या फोनवर जाऊन पडायचा. एकदा निरीक्षकांनी कागदपत्रांवरचा तो नंबर स्वतः फिरवून पाहिला. त्यांची अपेक्षा होती की नंबर बंद असेल. फोन वाजला. बराच वेळ वाजत राहिला. मग कुणीतरी तो उचलला. पलीकडून आवाज नाही, फक्त कुणीतरी ऐकत असल्याची शांतता. निरीक्षकांनी फोन खाली ठेवला आणि त्या दुपारी त्यांनी किराणा बाजारातले सगळे तराजू न तपासताच पास केले.

मावशीच्या मुलाचा पुन्हा निरोप आला. आता ती डोळेही फारसे उघडत नाही, म्हणाला. आईने तो ऐकला आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली. बायकोने निरीक्षकांकडे बघितलं. 

अशातच ऑफिसच्या रस्त्यावर गटारासाठी खोदकाम निघालं आणि संध्याकाळची वाहतूक सोसायटीच्या मागच्या गल्लीतून वळवली. निरीक्षक बायकोला तिच्या बँकेतल्या नोकरीवरून घेऊन परतत होते. उजेड मावळत आला होता. गल्लीच्या तोंडाशी उतार आहे, तिथे निरीक्षकांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, आणि बायको म्हणाली, "अहो, ही बंद पडली." इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा काटा शून्यावर होता. इंजिनचा आवाज नाही, थरथर नाही, आणि गाडी मात्र चालली होती, झाडांच्या सावल्यांखालून, कुणी ओढून नेत असल्यासारखी. निरीक्षकांनी तिला समजावलं की यात काही नाही, जोर लागत नसला की ही इंजिन झोपवते आणि घरंगळत जाते, त्याने पेट्रोल वाचतं. हे सांगताना त्यांचा आवाज जरा वर चढला होता. बायको म्हणाली, पेट्रोल वाचू दे, पण आपण जातोय कुठे?

निळ्या फाटकाचं एक बसकं घर होतं. फाटकासमोर गतिरोधक. त्यावर गाडी मंदावली, आणि हुस्स. एखाद्या माणसाने गुडघे टेकावेत तशी ती खाली बसली. निरीक्षकांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. गाडी उभी राहिली. कुठे काही वाजेना. पडदा आपोआप उजळला, पण त्यावर काहीच आलं नाही. फाटकामागच्या खिडकीतला पडदा हलल्यासारखा वाटला. पिशवी मागे ठेवावी म्हणून बायकोने हात मागे नेला आणि तसाच ओढून घेतला. "मागची सीट गरम आहे," ती हळूच म्हणाली. "आत्ता कुणीतरी उठून गेल्यासारखी."

निरीक्षकांनीही हात लावून बघितला. डाव्या बाजूची सीट खरंच ऊबदार होती. उजवी गार. खोदकाम संपेपर्यंत दुसरा रस्ता नव्हता, त्यामुळे रोज संध्याकाळी त्यांना त्या फाटकावरून जावं लागायचं, आणि रोज गाडी तिथे गुडघे टेकायची, उसासा टाकायची आणि मागची डावी सीट ऊन व्हायची. बायकोने बसने यायला सुरुवात केली. निरीक्षक एकटेच यायचे, खिडक्या बंद करून, आणि त्या गतिरोधकावर स्वतःशीच मोठ्याने पाढे म्हणायचे. आरशात बघायचं ते टाळायचे, कारण आरसा तसाही त्यांच्यासाठी लावलेला नव्हता.

ही बातमी सोसायटीत फुटली. वॉचमनचं स्टूल वर आलंच होतं. सेक्रेटरींनी गाडी विकून टाकायचा सल्ला दिला. ती घेणार कोण, असं विचारल्यावर त्यांनी परगावी विका, असं सुचवलं. गाडीच्या शेजारी ज्यांची स्कूटर असायची ते गृहस्थ ती रस्त्यावर लावू लागले आणि चोरीला गेली तर जबाबदार कोण, हे निरीक्षकांना रोज विचारू लागले. अखेर सूचनाफलकावर नोटीस लागली की तळघरात उभ्या केलेल्या कोणत्याही वाहनाने समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय आपली उंची बदलू नये. निरीक्षकांनी ती नोटीस दोनदा वाचली. भाषा निर्दोष होती, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं. फक्त नर्सबाई म्हणाल्या, इस्पितळात रिकाम्या खोलीत घंटा वाजते ती बहुतेक वेळा बिघडलेली असते. पण बहुतेक वेळाच, असंही त्यांनी पुढे जोडलं.

निरीक्षक पुन्हा सर्व्हिस सेंटरला गेले. इंजिनियरने गाडीला तार जोडली आणि तो हसला. भूत नाही, काका, म्हणाला. दुपारी तळघरात बसते ती चारी पिशव्यांतली हवा सारखी करून घेते, सगळ्याच करतात. आणि त्या फाटकाचं म्हणाल तर आधीच्या मालकाने ती जागा गाडीत नोंदवून ठेवली आहे. तिथे गाडी सावकाश गेली की खाली बसायचं आणि मागची डावी सीट गरम करायची. गाडी कुणीही चालवो, नोंदवलेल्या जागी ती हे करणारच. कितीही जागा नोंदवता येतात. यात मात्र एकच आहे. ती पुसायची किंवा नवी टाकायची तर प्रायमरी युजर हवा.

निरीक्षक घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी बायकोला सांगितलं की गाडी एका जागी बसते, म्हणजे आईला त्या जागी न्यायचं. फाटक मागच्याच गल्लीत आहे. नर्सबाईंकडे चाकांची खुर्ची आहे, तिची पाय ठेवायची फळी सरळ उघडते. बायको म्हणाली, म्हणजे भुताच्या थांब्यावरून सासूबाईंना गाडीत बसवायचं? निरीक्षक म्हणाले, भूत नाही, नोंद आहे. ती म्हणाली, कुणाची?  तेवढ्यात आतल्या खोलीतून आई म्हणाली, "मला लुगडं बदलू द्या," आणि प्रश्न मिटला.

संध्याकाळी वरात निघाली. पुढे खुर्चीत आई, तिचा पाय तोफेसारखा पुढे रोखलेला. मागून खुर्ची ढकलत नर्सबाई, शेजारी पिशव्या घेतलेली बायको. दोन पावलं अंतर राखून सेक्रेटरी, ते फक्त नोटिशीचा भंग होतो का ते बघायला आले होते. निरीक्षक गाडी घेऊन एकटे वळसा घालून आले. गल्लीत वारा पडला होता आणि दिवे अजून लागायचे होते. उतारावर काटा शून्याला टेकला. गाडी आवाज न करता झाडांखालून खाली आली, आणि तिला तशी येताना बाहेरून पहिल्यांदाच बघणारी मंडळी नकळत एकमेकांजवळ सरकली. सेक्रेटरी नर्सबाईंच्या मागे गेले. गतिरोधकावर गाडी मंदावली, हुस्स झालं, आणि ती काळी धिप्पाड गाडी निळ्या फाटकासमोर खाली बसली.

त्याच क्षणी फाटक उघडलं.

आत एक म्हातारी उभी होती. आईच्याच वयाची, पाठीत वाकलेली, अंगावर बाहेर जायचं धडसं लुगडं, केस नीट विंचरलेले. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात फोन. तिने माणसांकडे बघितलंच नाही. ती सरळ गाडीच्या मागच्या डाव्या दाराशी आली, काठी बगलेत धरून दाराच्या काचेवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "आज थांबलास. रोज नुसता उसासा टाकून जातोस."

निरीक्षक गाडीतून उतरले. म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या बुटक्या अंगाकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओसरून गेलं. इतके दिवस आपण एका भुताच्या तावडीत सापडलो आहोत, असं निरीक्षकांना वाटत होतं. आता त्यांना कळलं की या घराला झपाटणारे आपणच होतो, आणि त्यांना ओशाळल्यासारखं झालं.

हळूहळू सगळं बोलणं झालं. गाडी तिच्या मुलाची. त्याचा लिफ्ट बसवायचा धंदा होता. म्हातारी म्हणाली, "सगळ्या शहराला त्याने वर नेलं. माझ्यासाठी मात्र खाली यायचा." रोज संध्याकाळी तो तिला फिरवून आणायचा, तिला थंडी बाधते म्हणून तिची सीट गरम ठेवायचा. तो गेल्यावर सुनेला गाडी बघवेना, तिने विकून टाकली. त्याचा फोन मात्र म्हातारीने ठेवून घेतला. रोज चार्जिंगला लावायची. आणि गेले काही दिवस दुपारी त्यावर आकडे यायला लागले होते. नुसते आकडे, खाली नाव नाही. ज्या दिवशी आकडे यायचे त्याच संध्याकाळी फाटकाशी गाडीचा उसासा ऐकू यायचा. एकदा तर फोनच वाजला. तिने उचलला, तेव्हा पलीकडे कुणीतरी नुसतं श्वास घेत होतं.

निरीक्षकांनी मान खाली घातली आणि कबूल केलं की तो श्वास त्यांचा होता. आकड्यांचंही सांगितलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने फोन पुढे केला आणि म्हणाली, तुमचे आकडे आहेत तर घ्या, नवे मागवा, इथेच येतील. निरीक्षक पुन्हा गाडीत बसले आणि त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला. गोड आवाजाच्या बाईंनी कोड पाठवला, तो ऐकून घेतला आणि त्यांचं अभिनंदन केलं. गाडीतला पडदा उजळला. त्यावर मुलाचं नाव होतं आणि खाली प्रश्न, की प्रायमरी युजर कायमचा काढून टाकायचा का. हो आणि नाही. निरीक्षकांनी बोट उचललं. एवढ्या दिवसांचा अपमान, लोंबकळते पाय, सेक्रेटरींचं ते "हं", सगळं त्या बोटात उतरलं होतं. म्हातारी दुसरीकडे बघत होती.

तेवढ्यात मागून आवाज आला. आई खुर्चीतून उठून, काठी टेकत, आपल्या पायाने गाडीत चढली होती. कुणाचं लक्षही नव्हतं. तिने सरळ पाय सीटवर लांब केला, उबेला पाठ टेकली, आणि म्हणाली, "राहू दे त्याला. गाडीत जागा काही कमी नाही."

निरीक्षकांचं बोट थोडा वेळ हवेत राहिलं. मग त्यांनी 'नाही' दाबलं. पडदा म्हणाला, "वेलकम, गेस्ट."

म्हातारीला त्यांनी चला म्हटलं, पण ती म्हणाली, उद्या येईन, आज तुमचं काम करून या. तिने आत वाकून आईच्या सीटवर एकदा हात फिरवला आणि फाटक लावून घेतलं. निरीक्षक, बायको आणि आई निघाले. गाडी कशी गेली ते काय सांगायचं. पुलाच्या चढावर मोटरने हात लावला आणि एवढं धूड पिसासारखं वर गेलं, सिग्नलला इंजिन झोपलं, उठलं, आणि मागे आईच्या पोटातलं पाणी हललं नाही. आई खिडकीतून दुकानं बघत होती आणि कुठलं नवं झालं, कुठलं गेलं ते सांगत होती. निरीक्षकांना फार दिवसांनी बरं वाटलं. ते मावशीच्या घराच्या वळणापर्यंत टिकलं. तिथे बायको सहज म्हणाली, "अहो, पण उतरवायचं कसं?"

 चढायचं मोजलं होतं, उतरायचं मोजायचं राहिलं होतं. नोंदवलेली जागा एकच, ती शहराच्या दुसऱ्या टोकाला. बटन प्रायमरी युजरचं, आणि प्रायमरी युजर व्हायची संधी त्यांनी आत्ताच स्वतःच्या बोटाने घालवली होती. स्टुलं सोसायटीत. मावशीचं दार समोर दिसत होतं, दारात तिचा मुलगा उभा, त्याच्याशेजारी उघड्या खिडकीतून पलंगाचा कोपरा दिसत होता. आईने तो बघितला आणि काठी जवळ ओढली. निरीक्षकांनी गाडी घराशी सावकाश आणली आणि ब्रेकवर पाय ठेवला. इंजिन झोपलं. गाडीत तिघं बसली होती आणि कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं.

हुस्स.

गाडीने पुढचे गुडघे टेकले, मग मागचे, आणि ती पार वीतभर खाली बसली. आईने दार उघडलं. पाय जमिनीला लागला. ती काठी टेकत उभी राहिली, दोन पावलं गेली, आणि तिथूनच, मावशीला ऐकू येत नाही हे विसरून, तिने बहिणीला लहानपणच्या नावाने हाक मारली. खिडकीतल्या पलंगावर एक हात वर झाला.

बायको निरीक्षकांकडे बघत होती. ते पुढे कधीतरी इंजिनियरला याबद्दल विचारणार होते, पण त्यांनी कधीच विचारलं नाही. टेप खिशात होता, तो त्यांनी काढला नाही. उंबऱ्याशी पोचलेली आई वळून म्हणाली, "नुसता बसून काय राहिलास? त्याचे आभार मान की."

निरीक्षकांनी डावीउजवीकडे बघितलं. ओळखीचं कुणी नव्हतं. मग सीटवर, जिथून त्यांचे पाय खाली पोचत नव्हते तिथे, ते जरा सावरून बसले आणि अंधाऱ्या पडद्याकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले, "आभारी आहे, साहेब."

काटा शून्यावरून वर आला. एसीची थंडी कमी झाली की गाडी इंजिन आपणहून उठवते, तसं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं आहे.